मॅकच्या पोटात विंडोज

लाखभर रुपये मोजून मॅकबुक घ्यायचं, त्याचं पांढरंशुभ्र खोकं टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून कपाटावर जपून ठेवायचं, आणि महिना उलटायच्या आत त्याच मॅकबुकवर विंडोज कसं चालवता येईल याची चौकशी सुरू करायची, हा उद्योग आपल्याकडे इतक्या जणांनी करून झाला आहे की त्याला वेडेपणा म्हणायची आता सोय राहिलेली नाही. बघणाऱ्याला हसू येतं, ते समजण्यासारखं आहे. विंडोजच्या जाचाला कंटाळून माणूस मॅककडे जातो, आणि गेल्यावर पहिलं काम करतो ते विंडोजला बोलावून घेण्याचं. पण हसायचंच असेल तर या माणसाला हसू नये, असं माझं म्हणणं आहे. त्याने फक्त मशीन निवडलं. त्यावर काय चालवायचं हे त्याच्या हातात कधी नव्हतंच. ते त्याचा सीए, त्याचं ऑफिस, त्याच्या मुलीचं कॉलेज आणि सरकारची दोन-चार खाती यांनी मिळून केव्हाच ठरवून टाकलेलं होतं. मॅकवर विंडोज चालवणं ही त्या माणसाची धरसोड नव्हे. आपली हौस आणि दुसऱ्याची सोय यांच्यात त्याने घडवून आणलेली ती तडजोड आहे, आणि ती गेली चाळीस वर्षं चालू आहे.

टॅलीचंच उदाहरण घ्या. पेठेतला घाऊक व्यापारी असो की कोल्हापूरचा फाउंड्रीवाला, हिशोब टॅलीत असतो. टॅली बंगळुरूचं, आणि ते विंडोजवर चालतं. मॅकसाठी वेगळं टॅली निघालेलं नाही. आता व्यापाऱ्याच्या मुलाने कॅनडाहून येताना मॅकबुक आणलं म्हणून सीए आपली पद्धत बदलणार नाही. त्याच्याकडे इतर दीडशे अशिलांचा डेटा टॅलीतच येतो, आणि मार्चअखेरीला त्याला कुणाचंही स्वातंत्र्य मानवत नाही. तीच गत इतरांची. आर्किटेक्टला रेव्हिट हवं, ते फक्त विंडोजवर. मेकॅनिकलच्या पोरांना सॉलिडवर्क्स हवं, तेही विंडोजवर. कंपनीतल्या साहेबांना दर सोमवारी पॉवर बीआयचे रंगीत तक्ते बघायचे असतात. ते ज्या पॉवर बीआय डेस्कटॉपवर तयार होतात, तोही विंडोजचाच. ऑटोकॅडने तर मॅकवाल्यांची चांगलीच परीक्षा पाहिली. नव्वदच्या दशकात ते मॅक सोडून गेलं आणि २०१० साली परत आलं. या मधल्या काळात ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी, पण त्या काळात घरं बांधली गेली ती विंडोजवर काढलेल्या नकाशांनी.

कामाची सवय किती खोलवर असते हे बघायचं तर टॅलीच्या कळा बघाव्यात. जुना अकाउंटंट माउसला हात लावत नाही. एफ-टू दाबून तारीख, एफ-फोरने कॉन्ट्रा, एफ-फाइव्हने पेमेंट, एफ-सिक्सने रिसीट, एफ-सेव्हनने जर्नल, एफ-एटने सेल्स, एफ-नाइनने परचेस. बोटं आपोआप चालतात, डोळे बिलावर असतात. आता याच माणसाला मॅकबुकसमोर बसवा. तिथे वरच्या ओळीतल्या कळांना अ‍ॅपलने स्वतःची कामं नेमून दिलेली आहेत, आणि एफएनची कळ दाबून धरली नाही किंवा सेटिंग बदललं नाही तर त्या तीच कामं करतात. तारीख बदलायला जावं तर पडदा उजळतो. कॉन्ट्रा टाकायला जावं तर शोधपट्टी उघडते आणि काय शोधायचंय म्हणून विचारते. पेमेंटची कळ दाबली की मशीन श्रुतलेखन घ्यायला सज्ज होऊन बसतं. रिसीटची कळ दाबली की ‘व्यत्यय नको’ हा मोड सुरू होतो, आणि पैसे जमा होताना व्यत्यय नको ही भावना व्यापारी माणसाला मान्य असली तरी नोंद काही होत नाही. जर्नलला मागचं गाणं, परचेसला पुढचं गाणं, आणि सेल्सचं व्हाउचर उघडायला जावं तर थेट गाणंच सुरू होतं. नव्या मॅकबुकवर अर्ध्या तासाचं अकाउंटिंग शेजारच्या खोलीतून ऐकलं तर तिथे हिशोब चाललाय असा संशय कुणालाही येणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो सहसा सासरकडच्या माणसाकडून येतो. विंडोजच चालवायचं होतं तर निम्म्या किमतीत विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा होता की! आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण माणूस दिवसाचे दहा तास मशीनसमोर बसतो, त्यातले टॅलीचे किंवा सरकारी पोर्टलचे किती? बहुतेकांच्या बाबतीत महिन्यातले दोन-तीन दिवस. उरलेल्या दिवसांत त्याला बॅटरी दिवसभर पुरणं, पंख्याचा आवाज नसणं, फोनमधले फोटो आपसूक इकडे येणं, पाच वर्षांनी विकायला काढलं तरी दोन पैसे हातात येणं, या गोष्टी हव्या असतात. त्यात थोडा मिरवण्याचा भाग असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. कॅफेत झाकणावरचं सफरचंद दिसेल अशा बेताने बसणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण महिन्यातल्या तीन दिवसांसाठी उरलेले सत्तावीस दिवस नावडत्या मशीनसमोर काढावेत, हा सल्ला देणाऱ्याने स्वतः गाडी घेताना वर्षातून एकदा गावाहून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात म्हणून टेम्पो घेतलेला नसतो.

शिवाय ज्या दोन कंपन्यांची भांडणं आपण एवढ्या चवीने सांगतो, त्यांचं एकमेकींत किती अडकलेलं आहे हे पाहिलं तर मॅकवाल्याचा गुन्हा आणखी हलका होतो. एक्सेल हे विंडोजचं कुलदैवत, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात एक्सेल १९८५ साली जन्माला आलं ते मॅकवर. विंडोजवर ते दोन वर्षांनी गेलं. पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ ची, तीही फक्त मॅकसाठी; ती बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विकत घेतली. म्हणजे ज्या दोन सॉफ्टवेअरच्या जोरावर जगभरच्या ऑफिसांनी विंडोज पत्करलं, त्यांचं माहेर मॅकचं. १९८८ साली अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, विंडोजचं रूप आमच्यावरून उचललंय म्हणून. दावा वर्षानुवर्षं चालला आणि अ‍ॅपल हरली. मग १९९७ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्जने जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट अ‍ॅपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवतेय आणि पाच वर्षं मॅकसाठी ऑफिस काढत राहणार आहे. मागच्या भव्य पडद्यावर बिल गेट्स प्रकटले आणि सभागृहातल्या भक्तांनी त्यांची हुर्यो उडवली. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी किती जण घरी जाऊन वर्डच उघडणार होते, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नाही.

दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालवण्याची ही हौस तर त्याहून जुनी. मॅक आला १९८४ च्या जानेवारीत. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात स्थिरावायच्याही आधी, मॅकचार्ली नावाचं एक धूड विकायला निघालं. मॅकच्या शेजारी खेटून बसवायचा हा डबा. त्यात आयबीएमच्या जातीचा प्रोसेसर आणि फ्लॉपीची खाच, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम मॅकवर. गंमत त्याच्या कीबोर्डात होती. पहिल्या मॅकच्या कीबोर्डला फंक्शन कळा नव्हत्या, बाणांच्याही नव्हत्या. वापरणाऱ्याने निमूटपणे माउस हाती धरावा अशी योजना होती. मॅकचार्लीबरोबर एक चौकट मिळायची, ती मॅकच्या कीबोर्डला बाहेरून बसवली की डावीकडे फंक्शन कळा आणि उजवीकडे आकड्यांच्या कळा उगवायच्या. म्हणजे अकाउंटंट आणि एफ-एट यांच्यातला तो दुरावा पहिल्या वर्षापासूनचा आहे. पुढे सॉफ्टपीसी आलं. १९९४ साली तर खुद्द अ‍ॅपलने क्वाड्रा ६१० या मॅकमध्ये इंटेलची ४८६ चिप असलेलं कार्ड घालून विकलं. एका खोक्यात दोन मेंदू. १९९७ साली कनेक्टिक्स कंपनीचं व्हर्च्युअल पीसी आलं, ज्यात मॅकच्या पडद्यावरच्या एका चौकटीत अख्खं विंडोज रांगत असे. रांगत हा शब्द वेगाच्या अंदाजाने वापरलाय. २००३ साली ते सॉफ्टवेअर विकत घेतलं कुणी? मायक्रोसॉफ्टने. मॅकवर विंडोज चालवायला लागणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्या आत घालायचं विंडोज, दोन्ही एकाच दुकानात मिळू लागलं.

या जुन्या सोयरिकीची एक खूण अजूनही लोकांच्या हिशोबात घोळ घालते, म्हणून तिच्याकडे जरा नीट बघायला हवं. एक्सेलच्या दृष्टीने तारीख म्हणजे एक आकडा असतो. अमुक दिवसापासून कितवा दिवस, एवढंच. मॅकवरच्या जुन्या एक्सेलने ही मोजणी १ जानेवारी १९०४ पासून धरली, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि तिथून मोजायचं तर एक अपवाद सांभाळावा लागतो. विंडोजच्या एक्सेलने १९०० पासूनच मोजायला घेतलं. त्या काळी लोटस १-२-३ नावाच्या स्प्रेडशीटचं राज्य होतं, आणि लोटसने १९०० ला चुकून लीप वर्ष मानलं होतं. लोटसच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही तशीच्या तशी उचलली. परिणामी आजही एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे, जो पृथ्वीवर उगवलाच नाही. दोन मोजण्यांत फरक पडतो १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. पुढे मॅकवरच्या एक्सेलनेही १९०० ची मोजणी पत्करली, पण जुन्या फाइली १९०४ पोटात घेऊनच फिरतात. अशा एखाद्या फाइलीतलं १ एप्रिल २०२० चं बिल दुसऱ्या फाइलीत चिकटवलं, तर ते ३१ मार्च २०१६ चं होऊ शकतं. चार वर्षं मागे गेलं ते सोडा; तो वरचा एक दिवस पाहा. त्याने बिलाला मागच्या आर्थिक वर्षात ढकललं, आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, म्हणजे कर जन्मायच्या आधीच त्याची आकारणी झाली. हे ज्या सीएच्या टेबलावर घडतं तो मॅकवाल्या अशिलाला ‘विंडोजवर करून पाठवा’ असं का सांगतो, ते यावरून कळावं. त्याला अ‍ॅपलचा राग नसतो. त्याला ३१ मार्चची भीती असते.

सर्वांत सुखाचे दिवस आले ते २००६ साली. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं होतं की मॅकमध्येही आता इंटेलचीच चिप बसणार, म्हणजे विंडोजच्या मशीनमध्ये असते तीच. लोकांनी वर्गणी काढून बक्षीस लावलं: नव्या मॅकवर विंडोज एक्सपी सुरू करून दाखवा आणि १३ हजारांहून जास्त डॉलर घेऊन जा. मार्चमध्ये ते कुणीतरी जिंकलंही. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अ‍ॅपलने स्वतःचं बूट कॅम्प काढलं. मॅक सुरू करतानाच कुठली व्यवस्था हवी ते निवडा. विंडोज निवडलंत तर ते मशीन नखशिखांत विंडोज. हे देताना अ‍ॅपलचा आव मात्र असा, की विंडोज विकण्याची किंवा त्याची काळजी घेण्याची आमची मुळीच इच्छा नाही, लोक मागतात म्हणून देतो. मनातली अढी दुसऱ्या वाटेने बाहेर आली. पुढच्या वर्षीच्या मॅकच्या आवृत्तीत, नेटवर्कवर एखादा विंडोजचा संगणक सापडला की त्याचं चित्र म्हणून दिसे एक मळकट रंगाचा, पाठीत पोक आलेला जुनाट मॉनिटर, आणि चित्र मोठं करून पाहिलं तर त्याच्या पडद्यावर विंडोज कोसळल्यावर येते ती निळी सूचना. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपनीने शाळकरी पोराने बाकावर कोरावं तसं हे करून ठेवलं होतं.

बूट कॅम्पमध्ये एक अडचण होती. विंडोजमध्ये जायचं तर मॅक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. म्हणून त्याच वर्षी आलेलं पॅरलल्स आणि पुढच्या वर्षी आलेलं व्हीएमवेअर फ्यूजन लोकांना जास्त मानवलं. यात मूळ मालक मॅकच राहतो आणि विंडोज आतल्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून येतं. मुंबईत ज्यांनी पोटभाडेकरू ठेवले आहेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. त्याला आठ जीबीतली चार जीबी मेमरी द्यावी लागते, हार्ड डिस्कचा एक कोपरा तो पहिल्या दिवशी मागतो आणि सहा महिन्यांत त्याचं सामान हॉलपर्यंत येतं. त्याच्या स्वतःच्या चालीरीती असतात. मालक निवांत असताना त्याला अपडेट करायचं असतं, आणि ते चालू असताना मशीन बंद करू नका असं तो मालकालाच बजावतो. पॅरलल्समध्ये कोहिरन्स नावाची एक सोय आहे, तिच्यात विंडोजचा टास्कबार, डेस्कटॉप सगळं दडवून ठेवतात आणि त्याचे प्रोग्रॅम मॅकच्या प्रोग्रॅमांच्या रांगेत घरचेच असल्यासारखे उभे करतात. पाहुण्यांना वाटावं घरात एकच कुटुंब राहतं. पण त्या खिडकीच्या चौकटीवरची फुली उजवीकडे असते, शेजारच्या मॅकच्या खिडकीवरची डावीकडे, आणि जाणत्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलने स्वतःची एम-वन चिप आणली आणि बूट कॅम्पचा दरवाजा बंद झाला. आता दुसरा आक्षेप पुढे येतो: झालं ना मग? चिपच वेगळी, तर हा खेळ संपला. तो संपला नाही, हा माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टकडे एआरएम, म्हणजे एम-वनच्याच, जातीच्या चिपसाठी विंडोजची एक आवृत्ती होती, लोकांनी तीच मॅकवर पॅरलल्समध्ये चालवायला घेतली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने त्याला अधिकृत मान्यताही देऊन टाकली. पुढच्या वर्षी व्हीएमवेअर फ्यूजन फुकट झालं. आज एम-चिपच्या मॅकवर टॅली उघडतं तेव्हा आत काय चाललेलं असतं ते बघा. टॅली लिहिलेलं असतं इंटेलच्या चिपला समजेल अशा सूचनांत. एआरएमचं विंडोज त्या सूचनांचं आपल्या चिपच्या सूचनांत चालता चालता रूपांतर करतं. ते विंडोज पॅरलल्सच्या आत, पॅरलल्स मॅकच्या आत. इतक्या हातांतून फिरून शेवटी ‘चहापाणी खर्च रु. ३४०’ ही नोंद होते. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे ती जुन्या विंडोज लॅपटॉपवर होते त्याहून झटपट होते.

गाडी अडते ती डीएससीपाशी. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन मॅकबुकला लावायचं तर आधी कन्व्हर्टर हवा, कारण टोकनचं तोंड रुंद आणि मॅकबुकची भोकं अरुंद. तेवढ्याने भागत नाही. इंटेलसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं रूपांतर एआरएमचं विंडोज करून घेतं, पण ड्रायव्हरचं करत नाही. ड्रायव्हर मुळातच एआरएमसाठी लिहिलेला हवा. तो टोकन बनवणाऱ्या कंपनीने काढलेला असला तर उत्तम, नसला तर जगातलं सर्वांत वेगवान मशीनही सही करू शकत नाही. रिटर्न तयार, कर भरलेला, मुदत रात्री बारापर्यंत, आणि लाखभराचं मॅकबुक बोटभर टोकनला ओळख देत नाही. मग ते टोकन जातं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे, जिथे ऊन आणि धूळ खाल्लेल्या विंडोजच्या संगणकावर दोन मिनिटांत सही उमटते. झेरॉक्सवाला त्याचे वीस रुपये घेतो.

तिसरा आक्षेप शिकलेल्या तरुणांचा. आता सगळं ब्राउझरमध्ये आलंय, मशीन कुठलंही असो, काय फरक पडतो? बरंचसं खरं आहे. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल’ असं तळाशी लिहिणारी सरकारी पोर्टल्स आता कमी झाली, आणि खुद्द इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त केलं. पण टॅली ‘क्लाउडवर’ घेतलं असं जेव्हा कुणी सांगतो, तेव्हा कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर विंडोजच चालत असतं आणि मॅकवर दिसतो फक्त त्याचा पडदा. मायक्रोसॉफ्ट तर २०२१ पासून अख्खं विंडोज महिन्याच्या भाड्याने देते, ते मॅकवरून वापरा म्हणून. म्हणजे विंडोज गेलेलं नाही, आपल्या डिस्कवरून उठून दुसऱ्याच्या डिस्कवर गेलंय, आणि वरून नेट बंद पडलं की तेही बंद.

चौथा आक्षेप जरा बरा आहे: मॅकसाठी ऑफिस मिळतंच की, मग विंडोज कशाला? मिळतं. पण नाव एक असलं तरी ती दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, हे मायक्रोसॉफ्टने वेळोवेळी दाखवून दिलेलं आहे. मॅकसाठीच्या ऑफिस २००८ मधून त्यांनी मॅक्रो चालवणारी व्हीबीएची सोय काढूनच टाकली, आणि आरडाओरडा झाल्यावर २०११ मध्ये परत दिली. अ‍ॅक्सेस आणि व्हिजिओ मॅकसाठी नाहीतच. अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणं घातलेली फाइल मॅकच्या एक्सेलमध्ये उघडली की बटण दिसतं पण दबत नाही. आपल्याकडे कारखान्यात, बँकेत, सोसायटीत जिथे जिथे एखाद्या हुशार माणसाने वीस वर्षांपूर्वी मॅक्रो घालून एक्सेलची फाइल बनवली आणि नंतर तो माणूस निवृत्त झाला, तिथे ती फाइल म्हणजे आता घटना आहे. तिच्यात दुरुस्ती करण्याची कुणाची छाती नाही. ती विंडोजवर बनली, विंडोजवरच उघडणार.

न्यायाने पाहायचं तर त्रास एकतर्फी नाही, मॅकवालाही विंडोजवाल्यांना पुष्कळ छळतो. तो पंधरा बिलं झिप करून पाठवतो, पण त्याच्या झिपमध्ये दोन अंडरस्कोर आणि ‘मॅकओएसएक्स’ अशा नावाचं एक जादा फोल्डर चोरपावलांनी येतं. त्यातही त्याच पंधरा बिलांची नावं असतात, प्रत्येकापुढे एक टिंब आणि एक रेघ. सीएकडची आर्टिकलशिप करणारी मुलगी नेमकं तेच फोल्डर उघडते, एकही बिल उघडत नाही, आणि ‘सर, फाइल करप्ट आहे’ असा निरोप जातो. पेनड्राइव्हचं त्याहून अवघड. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह मॅक वाचतो, त्यावर लिहीत मात्र नाही. देणं नाही, फक्त घेणं. या सवयीमुळेही मॅकवाल्यांविषयी बाजारात जे मत आहे ते झालेलं असावं.

खर्चाचं थोडक्यात सांगायचं तर स्वस्ताईच्या गोष्टी इथे कुणी करू नयेत. पॅरलल्सची वर्षाची वर्गणी, विंडोजचं लायसन्स, जास्त मेमरीचं मॉडेल, कन्व्हर्टर. मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून विंडोजचा विचार खरेदीच्या दिवशीच करावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मॅकबुक एअर आठ जीबीपासून सुरू व्हायचं, आता सोळापासून होतं, तेवढा पोटभाडेकरूला आधार. वाइनसारखं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज न घालताच त्याचे प्रोग्रॅम चालवून देणारं. गेमवाल्यांचं त्यावर बरं भागतं, सही-शिक्क्याच्या कामाला त्याच्या भरवशावर राहू नये. आणि हे सगळं झाल्यावर आतल्या विंडोजला अँटिव्हायरस लागतो तो लागतोच. मॅकला व्हायरस येत नाही या आनंदात मॅक घेतलेल्या पुणेकराने त्याच्या पोटातल्या विंडोजसाठी पुण्याच्याच क्विक हीलचं पाकीट आणावं, यात स्थानिक उद्योगाला हातभार आहे, एवढं समाधान मानता येईल.

इतकं होऊनही माझा कौल मॅकवर विंडोज चालवणाऱ्याच्या बाजूनेच आहे. ज्याचं काम निव्वळ टॅली आणि पोर्टलं यांचंच आहे, त्याने विंडोजचा लॅपटॉप घ्यावा आणि एफ-एट दाबून सुखाने सेल्स टाकावा. त्याच्यासाठी मॅक ही चूक आहे आणि तसं त्याला तोंडावर सांगावं. पण ज्याचं निम्म्याहून जास्त काम दुसरं आहे आणि महिन्यातून दोन दिवस सरकारशी गाठ आहे, त्याने लाजू नये आणि सासरकडच्यांना खुलासेही देऊ नयेत. मॅकवर विंडोज चालवावं लागणं हा दोष असेल तर तो चाळीस वर्षं एकमेकींच्या मशीन आणि सॉफ्टवेअरच्या जोरावर पैसे कमावणाऱ्या दोन कंपन्यांचा आहे, आणि एकाच जातीच्या मशीनवर चालेल अशी सही काढणाऱ्यांचा आहे. अ‍ॅपलने २०२३ साली बीकेसीत आणि २०२५ साली कोरेगाव पार्कात दुकान उघडलं, तेव्हा मॅक हातात घेऊन बघणं आता सोपं झालंय. तिथे जरूर जा. फक्त कार्ड स्वाइप करण्याआधी आपल्या सीएला एक फोन करा, डीएससीचं टोकन कुठल्या कंपनीचं आहे ते विचारा, आणि त्या कंपनीने एआरएमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढलाय का ते बघून मगच रंग निवडा.